मुलांचा अर्ज आणि पालकांची कामे

न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये मूल नववीत गेले की पालकांच्या गप्पांचा सूर बदलतो. गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत उभे असतानाही कोणी रोबोटिक्सच्या संघाबद्दल विचारतो, कोणी उन्हाळ्यातल्या ‘रिसर्च’बद्दल, आणि ज्यांची मुले दोन-तीन वर्षांनी मोठी असतात त्यांच्याभोवती आपोआप कोंडाळे जमते. आमची थोरली मुलगी विद्यापीठात गेली आहे आणि धाकटा दहावीत आहे, त्यामुळे अशा कोंडाळ्यात हल्ली मलाही बोलावे लागते. अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाबद्दल तिथे उभ्या-उभ्या सांगून होत नाही ते सविस्तर लिहावे म्हणून हा लेख.

माझे म्हणणे असे आहे की नववी ते बारावीच्या या चार वर्षांत आपण पालक कामांची वाटणीच उलटी करून बसतो. विषय निवडणे, छंद निवडणे, निबंध लिहिणे, शिक्षकांशी बोलणे ही मुलांनी करायची कामे आपण उत्साहाने अंगावर घेतो; आणि पैशांचा हिशेब उघडा करणे, व्हिसाची परिस्थिती समजावून सांगणे, घरातला वेळ आणि झोप सांभाळणे ही जी कामे आपल्याशिवाय दुसरे कोणी करू शकत नाही, ती मात्र ‘बघू पुढे’ म्हणत ढकलत राहतो. बारावीच्या शरद ऋतूत जी धावपळ आणि रडारड होते, तिचा मोठा भाग या उलट्या वाटणीतून आलेला असतो.

असे होते ते आपण ज्या व्यवस्थेतून आलो तिच्यामुळे. आमच्या पिढीला महाराष्ट्रात अभियांत्रिकीचा प्रवेश बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांच्या गुणांच्या बेरजेवर मिळाला. यादी लागायची, तिच्यात नाव शोधायचे आणि विषय संपायचा. छंद, स्वभाव, घरची परिस्थिती यांना त्या यादीत जागाच नव्हती. इथे या गोष्टी अर्जात विचारतात हे कळल्यावर आपण त्यांचीही गुणपत्रिका करून टाकतो: सेवाकार्याचे इतके तास, इतकी पदके, एका संस्थेची स्थापना. मग ती बेरीज वाढवणे हे साहजिकच घरातल्या सर्वांत अनुभवी परीक्षार्थीचे, म्हणजे आई किंवा वडिलांचे काम होऊन बसते.

प्रत्यक्षात या उपक्रमांची नोंद कुठे आणि कशी होते ते एकदा पाहून घ्यावे. हजाराहून अधिक कॉलेजे स्वीकारतात त्या ‘कॉमन अ‍ॅप’ या सामायिक प्रवेश अर्जात उपक्रमांसाठी १० जागा असतात. प्रत्येक जागेत पदासाठी ५० अक्षरे, संस्थेच्या नावासाठी १०० अक्षरे आणि काय केले हे सांगण्यासाठी १५० अक्षरे मिळतात, आणि ही अक्षरे रिकाम्या जागा धरून मोजली जातात. शिवाय कोणत्या इयत्तेत, आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे हेही भरायचे असते. ज्याच्यापायी चार वर्षे शनिवार-रविवारी गाड्या पळवल्या, ते सगळे या चौकोनात मावते. दहा जागा भरल्याच पाहिजेत असे कोठेही लिहिलेले नाही. उपक्रमाचा प्रकार निवडण्याच्या यादीत मात्र ‘पगारी काम’ आणि ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ हे दोन पर्याय स्पष्ट लिहिलेले आहेत, आणि आपल्या घरांत नेमके त्यांच्याकडेच कोणाचे लक्ष जात नाही. माझ्या सासूबाई आमच्याकडे राहतात. त्यांच्या औषधांच्या वेळा सांभाळणे, फार्मसीला फोन करून गोळ्यांची फेरमागणी नोंदवणे आणि डॉक्टर बोलत असताना बाजूला बसून मराठीत समजावून सांगणे हे थोरली दहावीपासून करत आली आहे. तिने ते अर्जात लिहायचे ठरवले तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी, ‘आजीचे करणे ही काय अ‍ॅक्टिव्हिटी झाली?’ असे विचारले. अर्जच ते विचारतो आहे, यापेक्षा मोठे उत्तर माझ्याकडे नव्हते.

धाकट्याची गोष्ट निराळी आहे. आमच्या भागात उन्हाळाभर क्रिकेटच्या हौशी लीगचे सामने चालतात. तो स्वतः बरा खेळत नाही आणि त्याला ते माहीत आहे, म्हणून तो गुणलेखन करतो. मोबाइलवर अ‍ॅप असतानाही तो जाड कागदाची स्कोअरबुक वापरतो, प्रत्येक गोलंदाजासाठी वेगळ्या रंगाची शाई ठेवतो, आणि पंचांनी लेग बाय दिला की बॅटची कड लागली यावर षटक संपल्यावर आपल्या दुप्पट वयाच्या माणसांशी शांतपणे हुज्जत घालतो. गेल्या हिवाळ्यात त्याने जुन्या वह्या उघडून कोणत्या मैदानावर दुसऱ्या डावात धावा कमी होतात याची आकडेवारी काढली, आणि ती दोन कर्णधारांनी मागून नेली. ‘याचे एखादे नॉन-प्रॉफिट काढा की’ असा सल्ला आम्हाला मिळाला. सोळाव्या वर्षी संस्था स्थापन केलेली, संकेतस्थळ असलेली आणि मुलगा कॉलेजात गेला की बंद पडलेली इतकी उदाहरणे आजूबाजूला आहेत की अर्ज वाचणाऱ्यांनाही ती आता तोंडपाठ झाली असावीत. वह्या आहेत तशा चालू द्याव्यात असे मला वाटते. त्यात आमचा वाटा मैदानापर्यंत सोडण्याचा आणि उन्हात पाण्याची बाटली विसरू नको असे सांगण्याचा आहे.

उन्हाळी कार्यक्रमांबाबत एकच गोष्ट सांगते. नामांकित विद्यापीठांच्या आवारात भरणारे बरेचसे कार्यक्रम हे शुल्क भरून मिळणारे असतात. तिथे मुलांना शिकायला मिळते, वसतिगृहात राहण्याची सवय होते, पण त्या विद्यापीठाच्या प्रवेशाशी त्याचा संबंध जोडू नये. खरोखर कठीण निवड असलेले कार्यक्रम बहुधा मुलांकडून पैसे घेत नाहीत किंवा गरजेप्रमाणे मदत देतात. १९८४पासून चालणारी आणि एमआयटीच्या आवारात भरणारी ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’ निवड झालेल्या विद्यार्थ्यांकडून शिकवणीचे किंवा राहण्या-जेवणाचे शुल्क घेत नाही. हजारो डॉलरचे पत्रक घरी आले की त्याच्याकडे सहलीचे पत्रक म्हणून पाहावे, म्हणजे निर्णय सोपा होतो.

मराठी शाळेबद्दल मात्र मी थोडी पक्षपाती आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमावर इथे गावोगावी रविवारच्या शाळा चालतात आणि मुले साधारण आठवीपर्यंत कुरकुरत येतात, मग गळतात. हायस्कूलमध्ये ती टिकली तर लहानांच्या वर्गाला शिकवू लागतात, आणि आठ वर्षांच्या पोराला ‘ळ’ म्हणायला लावणे हे नेतृत्वाच्या कोणत्याही शिबिरापेक्षा अवघड आहे. शिवाय द्विभाषिक साक्षरतेची मोहोर, जिला इथे ‘सील ऑफ बायलिटरसी’ म्हणतात, ती २०११मध्ये कॅलिफोर्नियाने सुरू केली आणि नंतर न्यू जर्सीसह इतर राज्यांनी उचलली. इंग्रजीबरोबरच दुसऱ्या भाषेत मान्यताप्राप्त चाचणी देऊन प्रावीण्य दाखवले की हायस्कूलच्या प्रमाणपत्रावर तिची नोंद होते. चाचणीची व्यवस्था आपल्या शाळेत कोण पाहते हे दहावीतच विचारून ठेवावे, कारण बारावीत कोणालाही वेळ नसतो.

वेळ ही पालकांच्या अखत्यारीतली पहिली गोष्ट. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४मध्येच सांगितले की किशोरवयीन मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी सुरू होऊ नयेत, कारण या वयात झोपेचे चक्रच उशिराकडे सरकते. कॅलिफोर्नियाने त्यासाठी कायदा केला आणि २०२२पासून तो लागू आहे. इतरत्र बहुतेक मुले अजूनही पहाटेच्या अंधारात बस पकडतात. त्यांना आठ ते दहा तास झोप हवी असते आणि आपण त्यांचे वेळापत्रक असे भरतो की सहा मिळाले तरी पुष्कळ. आमच्या घरी रविवारी रात्री भांडी आवरल्यावर फ्रिजवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहून येत्या आठवड्यात काय गाळायचे हे ठरते. काय वाढवायचे यावर तिथे चर्चा होत नाही, कारण ते वाढवणारे लोक बाहेर पुष्कळ असतात. न्यू जर्सीत मुलांना एकट्याने गाडी चालवण्याचा परवाना सतराव्या वर्षी मिळतो, म्हणजे तोपर्यंत प्रत्येक उपक्रम हा कोणाच्या तरी आईचा किंवा वडिलांचाही एक तास असतो. घरात दोन मुले असतील तर हा हिशेब उघडपणे मांडलेला बरा. थोरलीने अकरावीत कथक सोडले ते आमच्या गाडीच्या फेऱ्यांमुळे नव्हे तर तिला ते नकोसे झाले होते म्हणून, आणि ते सांगायला तिला सहा महिने लागले, कारण गुरूंना काय वाटेल, आजीला काय वाटेल, आणि अर्जात ती जागा रिकामी दिसेल, या तीन भित्या तिच्यासमोर होत्या. तिसरी भीती आपण घालतो.

विषयांच्या निवडीबद्दल फार लिहीत नाही. गणिताची वाट मात्र आठवी-नववीतच ठरते: आठवीत अल्जेब्रा वन झाले असेल तर बारावीत कॅल्क्युलसपर्यंत सरळ पोहोचता येते, नसेल तर मध्ये कोठेतरी उन्हाळ्यात किंवा दुहेरी अभ्यासक्रमाने एक पायरी भरून काढावी लागते. अभियांत्रिकीकडे जाण्याची शक्यता असेल तर हे शाळेच्या सल्लागाराला नववीच्या सुरुवातीलाच विचारावे. एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्येच घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे, विषय किती घ्यावेत या प्रश्नाला माझे उत्तर ‘झोप होईल इतके’ असे असते आणि ते कोणालाही आवडत नाही.

आता पैसा. आपल्या घरांत मुलांशी पैशांबद्दल बोलणे म्हणजे त्यांच्या मनावर ओझे घालणे अशी समजूत आहे, आणि म्हणून मूल सतराव्या वर्षापर्यंत अशा समजुतीत राहते की प्रवेश मिळाला की आई-बाबा कसेही करून पाठवतील. मग मार्चमध्ये निकाल येतात आणि एप्रिलमध्ये वडील प्रथमच म्हणतात की हे जमणार नाही. अनेक खाजगी विद्यापीठांचा राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च आता ९०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे. हा आकडा अकरावी सुरू होण्याआधी मुलाच्या डोळ्यांसमोर आणणे हे मला या चार वर्षांतले पालकांचे सर्वांत महत्त्वाचे काम वाटते. आम्ही थोरलीबरोबर बसून एका कागदावर तीन आकडे लिहिले: पगारातून दरवर्षी किती देऊ शकू, तिच्यासाठी काढलेल्या ५२९ या शिक्षणबचतीच्या खात्यात किती जमले आहे, आणि किती कर्ज आम्हाला योग्य वाटते. तिने विचारले, ‘म्हणजे आपल्याकडे पैसे नाहीत का?’ तिचे बाबा म्हणाले, ‘मदत मिळणार नाही इतके आहेत, आणि पूर्ण खर्च निवांतपणे भरू इतके नाहीत.’ इथल्या बहुतेक मराठी नोकरदार घरांचे वर्णन या एका वाक्यात बसते.

त्यानंतर तिने स्वतः कॉलेजांच्या संकेतस्थळांवरचे ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ चालवून पाहिले. संघराज्य सरकारची शैक्षणिक मदत घेणाऱ्या कॉलेजांना हे साधन २०११पासून कायद्याने ठेवावेच लागते. त्यात उत्पन्न आणि मालमत्ता भरली की आपल्यासारख्या कुटुंबाला साधारण किती भरावे लागेल याचा अंदाज येतो. तो अंदाजच असतो, पण त्या संध्याकाळी तिच्या यादीतली दोन नावे तिने आपल्या हाताने खोडली. आम्ही तीच नावे खोडली असती तर घरात महिनाभर अबोला राहिला असता.

या हिशेबात पालकांनाच माहीत असलेल्या काही बारीक गोष्टी असतात. संघराज्याच्या मदतीसाठीचा फाफ्सा हा अर्ज दोन वर्षे मागच्या करविवरणावर चालतो. २०२७च्या शरद ऋतूत कॉलेज सुरू करणाऱ्या मुलासाठी २०२५चे उत्पन्न पाहिले जाते, म्हणजे त्याच्या दहावीचा उत्तरार्ध आणि अकरावीचा पूर्वार्ध. त्या वर्षात शेअर विकून मोठा नफा दाखवला तर तो इथे मोजला जातो, आणि हे बारावीत कळून उपयोग नसतो. मालमत्तेचेही तसेच. मुलाच्या नावावरच्या पैशांचा २० टक्के भाग शिक्षणासाठी उपलब्ध धरला जातो, तर पालकांच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के. आजोबांनी प्रेमाने नातवाच्या नावे गुंतवलेली रक्कम म्हणूनच हिशेबात जड पडते, आणि पालकांच्या मालकीचे ५२९ खाते त्या मानाने हलके. दोन भावंडे एकाच वेळी कॉलेजात असली की पूर्वी सूत्रात सवलत मिळत असे. ती २०२४–२५च्या अर्जापासून गेली आहे.

आणि पुण्यातला फ्लॅट. राहते घर फाफ्सात धरत नाहीत, पण त्याखेरीजची स्थावर मालमत्ता गुंतवणूक म्हणून दाखवावी लागते, आणि ती कोणत्या देशात आहे याने फरक पडत नाही. ‘तो तर तिकडे आहे, इथे कशाला?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की सांगण्यासारखे एवढेच: अर्जाखाली सही आपली असते आणि खोट्या माहितीला दंड आहे. सातबाऱ्यावर भावांबरोबर नाव लागलेल्या वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा कसा धरायचा हे कर सल्लागाराला अकरावीतच विचारावे. अनेक खाजगी कॉलेजे याशिवाय ‘सीएसएस प्रोफाइल’ हा मदतीचा वेगळा अर्ज मागतात, आणि त्यात राहत्या घराची किंमतही विचारली जाते.

कर्जाच्या बाजूने मर्यादा ठाऊक असाव्यात. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला संघराज्याचे कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे वर्षाला ७,५०० डॉलरपर्यंतच मिळते. उरलेले पालकांच्या नावावरच्या ‘पेरेंट प्लस’ कर्जातून काढण्याची जी सोय होती, तिच्यावर २०२५च्या कायद्याने मर्यादा घातली: १ जुलै २०२६पासूनच्या नव्या कर्जदारांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलर. ‘होईल कर्जाने’ हे उत्तर आता पूर्वीइतके सैल देता येत नाही.

हे सगळे अर्थात नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक मुलांसाठी. तीन वर्षांची असताना इथे आलेली, इंग्रजी इथल्यासारखी बोलणारी आणि स्वतःला इथलीच समजणारी, पण एच-४ या नोकरदार पालकांवर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावरची मुले फाफ्साच्या मदतीला पात्र नसतात. प्रत्येक देशाला वर्षभरातल्या ग्रीन कार्डांपैकी सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग इतकी लांबली आहे की आई-वडिलांचा अर्ज मंजूर असूनही मूल एकवीस वर्षांचे होते आणि त्या दिवशी एच-४चा आधार संपतो. बहुतेकांचे एकविसावे वर्ष कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात येते, आणि तेव्हा एफ-१ विद्यार्थी व्हिसावर जाण्याची तजवीज आधीपासून करावी लागते. अनेक कॉलेजे या मुलांना परदेशी अर्जदारांत मोजतात. राज्यातल्या रहिवाशांचे कमी शुल्क त्यांना लागू होते की नाही हे राज्याराज्याप्रमाणे बदलते. त्यांना पगारी नोकरी करता येत नाही, किराणा दुकानाच्या काउंटरवरचीसुद्धा नाही. आणि एरवी पगार देऊन करून घेतले जाणारे काम बिनपगारी केले तरी ते अडचणीचे ठरू शकते, त्यामुळे त्यांच्यासाठी धर्मादाय संस्थांतले, ग्रंथालयातले, रुग्णालयातले स्वयंसेवकाचे काम हाच निर्धास्त मार्ग उरतो.

आमच्या एका स्नेह्यांच्या मुलाला हे सगळे कॉमन अ‍ॅपमधला नागरिकत्वाचा रकाना भरताना कळले. तोपर्यंत घरात ‘ग्रीन कार्डचे चालू आहे’ एवढेच वाक्य होते, आणि मुलाने त्याचा अर्थ ‘होणार आहे’ असा घेतला होता. पुढचे काही आठवडे तो कोणाशी धड बोलला नाही. मुलांना ही परिस्थिती चौदाव्या-पंधराव्या वर्षी समजते, झेपते, आणि समजली की ती त्या चौकटीत विचारही करू लागतात: कोणती विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांना गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतात, कोणत्या राज्यात शुल्काचा नियम बरा आहे, इथे जमले नाही तर कॅनडा किंवा भारतात काय पर्याय आहेत. ज्या घरांत हे नववीतच बोलले गेले तिथे मुले शांत असतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

कॉलेजांची यादी करताना क्रमवारीची कात्रणे पाठवण्याऐवजी पालकांनी मुलांना ‘कॉमन डेटा सेट’ कसा वाचायचा हे दाखवावे. बहुतेक विद्यापीठे तो दरवर्षी प्रसिद्ध करतात. त्यातला सी-७ हा तक्ता एका पानाचा आहे: विषयांची काठिण्यपातळी, गुण, चाचणी, निबंध, शिफारसपत्रे, उपक्रम, सेवाकार्य, पगारी कामाचा अनुभव, अर्जदाराने दाखवलेला रस, अशा प्रत्येक बाबीसमोर ‘फार महत्त्वाची’पासून ‘विचारात घेत नाही’पर्यंतच्या चार घरांपैकी एकात खूण असते. दोन विद्यापीठांचे तक्ते शेजारी ठेवले की एसएटी या प्रवेश चाचणीतल्या गुणांची किंवा आवाराला भेट देण्याची तीच गोष्ट एकीकडे मोलाची आणि दुसरीकडे बिनकामाची असल्याचे दिसते, आणि ‘कॉलेजांना काय आवडते’ या विषयावरची निम्मी पार्किंग लॉटमधली चर्चा तिथेच संपते. कॅलिफोर्निया विद्यापीठाची बारावीनंतर प्रवेश देणारी नऊ आवारे प्रवेशासाठी एसएटी पाहतच नाहीत, तर एमआयटीने ती २०२२मध्ये पुन्हा सक्तीची केली. एका घराचा सल्ला दुसऱ्या घराला लागू पडत नाही तो यामुळेही.

‘अर्ली डिसिजन’ हा पर्याय पुन्हा पैशांकडे आणतो. त्यात निवड झाली तर तिथेच जाण्याचे बंधन असते आणि त्या कागदावर पालकाचीही सही लागते. मदतीच्या रकमा इतर ठिकाणांशी ताडून पाहण्याची संधी त्यात नसते. मिळालेली मदत खरोखर अपुरी असेल तरच बाहेर पडता येते. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला असा अर्ज करायचा असेल तर वर सांगितलेला तीन आकड्यांचा कागद त्याआधी झालेला असलाच पाहिजे.

आणि कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचे स्थानिक सार्वजनिक कॉलेज, हा शब्द आपल्या गप्पांत आवाज खाली करून का उच्चारला जातो हे मला कळत नाही. न्यू जर्सीत वर्गातल्या वरच्या १५ टक्क्यांत असणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांना ‘एनजे स्टार्स’ या योजनेतून आपल्या काउंटीच्या कॉलेजात शिकवणीचे शुल्क माफ होऊ शकते. २००७च्या कायद्यामुळे तिथली दोन वर्षांची पदवी राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत पुढच्या दोन वर्षांसाठी धरली जाते. कॅलिफोर्नियात कॅलिफोर्निया विद्यापीठाची सहा आवारे कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी देतात. शेवटी पदवी त्याच विद्यापीठाची मिळते.

मुलांच्या निबंधाबद्दल माझा नियम सोपा आहे: त्यांनी दाखवला तर वाचायचा, पेन हातात घ्यायचे नाही. ६५० शब्दांत सतरा वर्षांच्या मुलीचा आवाज आणि पंचेचाळीस वर्षांच्या व्यवस्थापकाचा आवाज यांतला फरक कोणालाही ऐकू येतो. पालकांना लिहिण्याची हौस असेल तर तिच्यासाठी वेगळी जागा आहे. अनेक हायस्कूलचे सल्लागार अकरावीच्या शेवटी पालकांकडून एक प्रश्नावली भरून घेतात, जिला इथे सर्रास ‘ब्रॅग शीट’ म्हणतात. शालेय सल्लागारांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस २५० विद्यार्थ्यांमागे एक सल्लागार अशी आहे, आणि प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्याहून पुष्कळ अधिक मुले एकाच्या वाट्याला येतात. त्या सल्लागाराला आपल्या मुलीचे शिफारसपत्र लिहायचे असते, आणि तिची पदके त्याच्या संगणकात आधीच असतात. तरीही आपण पुन्हा पदकेच लिहून देतो, कारण मुलांचे कौतुक उघडपणे करायची आपल्याला सवय नाही आणि यादी करणे सुरक्षित वाटते. मी तिथे एकच प्रसंग लिहिला: सासूबाईंच्या दोन डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांपैकी दोन एकाच कामाच्या आहेत हे थोरलीच्या लक्षात आले, आणि आम्हाला न सांगता तिने फार्मासिस्टला फोन करून ते विचारले. यादी मी जोडली नाही.

बारावीच्या शरद ऋतूसाठी एक व्यवहारातली गोष्ट राहिली. फाफ्सा साधारणपणे १ ऑक्टोबरला उघडतो. आता तो अर्ज बहुधा विद्यार्थी सुरू करतो आणि आपल्या खात्यातून पालकाला ईमेलने निमंत्रण पाठवतो. पालकाला त्यासाठी स्टुडंटएड डॉट गव्हवर स्वतःचे वेगळे खाते लागते, आणि करविवरणाची माहिती थेट घेण्यास संमती द्यावी लागते; ती न दिल्यास मूल संघराज्याच्या मदतीसाठी अपात्र ठरते. आई-वडील एकत्र विवरण भरत असतील तर दोघांपैकी एकाचे खाते पुरते, वेगवेगळे भरत असतील तर दोघांचीही लागतात. ओळख पडताळणीत अडचण आली तर काही दिवस जाऊ शकतात, म्हणून हे खाते सप्टेंबरमध्येच उघडावे आणि त्याचा पासवर्ड मुलाला देऊ नये, कारण त्या खात्यातली सही कायद्याने आपली असते.